बाद वहीतली बंडमोड

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना अख्खी इमारत म्हणजेकाका म्हणते. हे नाव मी ठेवलेलं नाही, असं मी गेली वीस वर्षं शपथेवर सांगत आलेय आणि कुणाचाही त्यावर विश्वास बसलेला नाही. नाव पडायला कारणही तसंच आहे. एकदा गच्चीवरची टाकी फुटली म्हणून मी जिन्यात उभी राहून ओरडले, "काका, पाणी गेलं!" तर वरून शांत आवाजात प्रश्न आला, "गेलं म्हणजे? संपलं की वाहून गेलं?" त्यांचं समाधान होईपर्यंत ते दोन्ही अर्थांनी गेलं होतं.

माणूस तसा निरुपद्रवी. एकाहत्तर वर्षांचं वय, सडसडीत अंग, सदऱ्याच्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. बायको सहा वर्षांपूर्वी वारली, मूल नाही. अडतीस वर्षं त्यांनी शब्दकोशाच्या कचेरीत काढली. तिथलं काम मला त्यांनी इतक्या वेळा समजावून सांगितलंय की उद्या मला खुर्ची दिली तर मी बसेन. जुनी पुस्तकं, पत्रं, वर्तमानपत्रं वाचायची. शब्द भेटला की पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर डाव्या कोपऱ्यात शब्द लिहायचा, उजव्या कोपऱ्यात कुठल्या छापील कागदातून घेतला त्याचं नाव आणि तारीख, मधे ते अख्खं वाक्य आणि खाली आपली सही. मग चिठ्ठी पत्र्याच्या खणात. अर्थ ठरवायचा तो या चिठ्ठ्या मांडून. चिठ्ठी नाही तर अर्थ नाही. "लोक बोलतात ते?" मी विचारलं होतं. "बोलणं हवेत जातं. छापलेलं राहतं," काका म्हणाले. म्हणजे माझं आयुष्यभराचं काम त्यांच्या कोशाच्या दृष्टीनं हवेत गेलेलं.

गेल्या वर्षी चौकशी आयोग बसला तेव्हा वर्तमानपत्रात रोज एक शब्द यायला लागला. बंडमोड. बंडमोडीनं अमक्याला नेलं, बंडमोडीचा तळ तमक्या ठिकाणी होता. सत्तावीस वर्षांपूर्वीची ती सगळी प्रकरणं. त्या काळात डोंगरापलीकडच्या तालुक्यात बंड झालं होतं, आणि ते मोडताना सरकारनं बऱ्याच माणसांना घरातून उचललं ते परत आणून सोडलं नाही. सरकार म्हणत होतं, असं कुठलं पथक नव्हतंच.

मी आपली गंमत म्हणून काकांना जिन्यात गाठलं. "काका, हा बंडमोड शब्द कुठून आला हो?"

एरवी असा प्रश्न म्हणजे त्यांना मेजवानी. माझी भाजी करपायची तरी ते फारसीतून बाहेर यायचे नाहीत. त्या दिवशी जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले आणि मोजकंच बोलले.

"बंड कुठून आला ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. विद्वानांचं एकमत नाही. मी प्रश्नचिन्ह घातलं. बंडखोरातला खोर सापडतो, तो फारसी. खोर म्हणजे खाणारा. लाचखोर लाच खातो, बंडखोर बंड खातो."

"मग बंडमोड म्हणजे त्याला ओकायला लावणारी!"

हसले नाहीत. माझा इतका चांगला विनोद जिन्यात पडून राहिला.

"मोड म्हणजे मोडणं. काटकी मोडतो तसं," ते म्हणाले. "आधी लोक 'बंड मोडलं' एवढंच म्हणत. मोडणाऱ्याला निराळं नाव नव्हतं. तो शिपाई असायचा, नाहीतर जमादार. चार दिवस बंड मोडायचा आणि घरी जायचा. निराळं नाव लागतं ते काम रोजचं झाल्यावर. आणि गंमत बघ, नाव मिळालं तेही दुसऱ्याच्या शब्दातून. बंड नसेल तर त्याला नावही नाही. म्हणून तो बंड संपूही देत नाही."

"कधी मिळालं हे नाव?"

काकांनी हातातल्या किल्लीकडे पाहिलं. "बघावं लागेल," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मला वाटलं, ताईंमुळे मन खट्टू झालं असेल.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. शहात्तर वर्षांच्या. तीन गल्ल्या पलीकडे एका खोलीत एकट्या राहतात आणि भावाचं कपाट आवरायला म्हणून दर रविवारी येतात. त्यांचा एकुलता मुलगा, काकांचा भाचा, त्या तालुक्यात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. चोवीस वर्षांचा. पुढे दुकान, मागे घर. एका दुपारी साध्या कपड्यांतली चार माणसं आली. ताई तेव्हा तिथंच होत्या, ओल्या चादरी दोरीवर टाकत होत्या. मुलाचे हात वंगणानं काळे झालेले. ताईंनी विचारलं, "तुम्ही कोण?" त्यातल्या वयस्कर माणसानं सांगितलं, "बंडमोड." पोस्टमन दारात 'टपाल' म्हणतो ना, अगदी त्या सुरात. मुलगा म्हणाला, हात धुऊन येतो. तो माणूस म्हणाला, कशाला, संध्याकाळी परतच यायचंय.

बंडवाल्यांच्या सायकली दुरुस्त केल्या, एवढाच म्हणे त्याचा गुन्हा. आता सायकलवाला पंक्चर काढताना गिऱ्हाईकाचं राजकारण विचारतो का? पण हे ताईंसमोर म्हणायची माझी छाती नाही.

सरकारी कागदावर मुलगा 'फरार' आहे. पळून गेलेला. त्यामुळे दर सहा महिन्यांनी एक शिपाई ताईंच्या दारात येतो, "मुलगा घरी आला होता का?" असं विचारतो आणि 'नाही' या उत्तराखाली त्यांची सही घेऊन जातो. सत्तावीस वर्षांत नऊ शिपाई बदलले. शेवटचा बिचारा तर, ताईंचा मुलगा नेला तेव्हा, जन्मलाही नसेल. ताईंना आयोगाकडून एकच गोष्ट हवी होती. तो शब्द खोडा. माझा मुलगा पळाला नाही, त्याला नेलं, एवढं लिहा. "मेला असं लिहिलंत तरी चालेल," असं त्या मला एकदा मटार सोलता सोलता म्हणाल्या, आणि नंतर बराच वेळ आम्ही दोघी फक्त मटारच सोलत होतो.

आयोगापुढे ताईंची साक्ष झाली तेव्हा सोबतीला मी गेले होते. जुन्या कचेरीतलं दालन, लांब बाकं, आणि पंखा असा की वाऱ्यापेक्षा आवाज जास्त. सरकारी वकील तरुण, गोड बोलणारा. ताईंना 'आजी' म्हणत होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"आजी, ते लोक कोण म्हणाले?"

"बंडमोड."

"नक्की हाच शब्द?"

"मी दुसरा कुठला शब्द रोज रात्रंदिवस ऐकलाय, बाळा?"

त्यानं टेबलाखालून एक जाडजूड खंड काढला. तो मी लांबूनच ओळखला. आमच्या जिन्यातल्या कपाटात त्याचे तीन जुने खंड पडलेत, काकांच्या घरात मावत नाहीत म्हणून.

"हा शब्दकोश कुणी केलाय, ठाऊक आहे?"

"माझ्या भावानं," ताई म्हणाल्या, आणि त्या एवढ्याशा वाक्यात केवढा तोरा होता! दालनात एकदोघं हसलेसुद्धा.

"मग भावाचंच ऐकू." त्यानं वाचलं. "बंडमोड. बंड मोडून काढण्याची क्रिया. बस्स. पुढे दीडशे वर्षांपूर्वीच्या एका पत्राचा दाखला. पथक, दल, खातं असा अर्थ यात कुठेही नाही. आजी, तुम्ही कोण असं विचारल्यावर स्वयंपाकी काय सांगतो? 'स्वयंपाक' असं सांगतो का?"

या खेपेला हसणारे बरेच होते.

"पथक या अर्थी हा शब्द वर्तमानपत्रांत आला तो तुमच्या मुलाच्या घटनेनंतर चार वर्षांनी," वकील अध्यक्षांकडे वळून म्हणाला. "त्या दुपारी तो कुणाच्या तोंडी असणं शक्य नाही. आजी खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. त्यांच्या कानात तो नंतर कुणीतरी घातलाय, आणि आता त्यांना खरंच तसं ऐकल्यासारखं वाटतंय."

ताईंच्या हातातला रुमाल मी त्यांच्या मुठीतून सोडवून घेतला, कारण त्याच्या चिंध्या व्हायच्या बाकी होत्या. अध्यक्षांनी सांगितलं, कोश करणाऱ्यालाच बोलवा. पंधरा दिवसांनी तारीख.

तिथून ताई घरी गेल्याच नाहीत. थेट आमच्या इमारतीत, तीन जिने न थांबता. मी मागून धापा टाकत.

"तुझ्याकडे असेल ना रे चिठ्ठी?" दारातच त्यांनी विचारलं. "तुझ्याकडे सगळ्याच्या चिठ्ठ्या असतात. तेव्हाची, तो अर्थ असलेली. एक तर असेल."

काका उभेच होते. "बघतो, ताई."

"सत्तावीस वर्षं बघतोयस. मी कधी विचारलं नाही का तुला? दर वेळी बघतो. आता पंधरा दिवसांत बघ."

"बघतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात. "माझ्याबरोबर कचेरीत येतेस का? जिने चढवत नाहीत हल्ली." रोज तिसऱ्या मजल्यावर चढणारा माणूस हे सांगतोय म्हटल्यावर मी चहाचा कप तसाच ठेवला आणि चपला घातल्या. मला कुणी मदतीला बोलवावं आणि त्यात बातमी असावी, याहून मोठं सुख नाही, हे मी नाकारत नाही.

कोशाच्या कचेरीत आता संपादक म्हणून एक बाई आहेत, चाळिशीच्या. काकांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी आम्हाला पाहून खुर्च्या पुसल्या, मुद्दाम चहा मागवला. काकांनी 'ब'चा खण मागितला. बंडमोडची चिठ्ठी एकच निघाली, पिवळी पडलेली, त्या दीडशे वर्षांपूर्वीच्या पत्राची.

"एवढीच आहे, काका."

"बाद वही काढ. त्या सालची."

बाद वही ही काय भानगड ते मला तिथं कळलं. जी चिठ्ठी नको असते ती दर शनिवारी रद्दीत जाते. पण जाण्याआधी तिची नोंद एका वहीत करायची. शब्द, छापील साधन, तारीख, बाद करण्याचं कारण, सही. कारणंही ठरलेली, पाचच. दुबार, अशुद्ध, साधन भरवशाचं नाही, वाचता येत नाही, आणि अर्थभेद नाही. शेवटच्याचा अर्थ असा, की ही चिठ्ठी शब्दाचा काही नवा अर्थ दाखवत नाही, मग ठेवून काय करायची? तसं ठरलं की फक्त सगळ्यात जुनी चिठ्ठी ठेवायची, बाकीच्या काढायच्या.

संपादकबाईंनी बोटानं ओळी उतरत उतरत एका ओळीवर बोट थांबवलं आणि जवळजवळ ओरडल्याच. "सापडलं, काका! बंडमोड. त्या तालुक्याचं साप्ताहिक. तारीख बघा, तुमच्या भाच्याच्या आधीची आहे. दीड महिना आधीची! पथकाबद्दलच असणार, नाहीतर साप्ताहिक कशाला..." आणि मग त्यांचं बोट पुढच्या रकान्यात गेलं. "अर्थभेद नाही," त्यांनी हळू वाचलं. "सही तुमची आहे."

"हो."

"म्हणजे नुसती क्रियाच होती? पथक नव्हतं?"

"पथक होतं," काका म्हणाले. "वाक्य अजून पाठ आहे मला. 'तालुक्यात बंडमोड दाखल झाली असून तिने शाळेच्या इमारतीत मुक्काम केला आहे.' क्रिया शाळेत मुक्काम करत नाही. तिथं लिहिलंय ते खोटं आहे."

कचेरीत शिपाई चहा घेऊन आला, कप ठेवून गेला. कुणी उचलला नाही. मीसुद्धा नाही.

"साप्ताहिकाचा अंक कुठं मिळेल?" मी विचारलं.

"कुठंच नाही," संपादकबाई म्हणाल्या. "त्यांचा छापखाना जाळला होता. ग्रंथालयातल्या फायलीसुद्धा नेल्या."

मग त्या खुर्ची ओढून काकांच्या समोर बसल्या. "काका, ऐका. या वह्यांमध्ये तुमच्या हातच्या चार हजारांवर नोंदी आहेत. 'अर्थभेद नाही' लिहिलेल्या. त्यातली एक खोटी होती असं तुम्ही आयोगापुढे बोललात, की उरलेल्या सगळ्यांवर संशय येईल. अख्ख्या कोशावर येईल. तुम्ही फक्त एवढं सांगा, की तेव्हा मला अर्थ वेगळा वाटला नाही, आज विचार केल्यावर वाटतो. माणसाचं मत बदलतं. त्यात काय चुकलं?"

मला तर ते पटलं. "सांगा ना काका तसं! सापही मरेल आणि..."

"वाटलं नव्हतं असं नाही," काका म्हणाले. "वाटलं होतं. चांगलं वाटलं होतं. नवा अर्थ सापडला म्हणून मी त्या दिवशी घरी जाताना शीळ घातली होती. बाद केली ती भीतीनं."

परत येताना बसथांब्यावरच्या बाकावर त्यांनी मला सगळं सांगितलं. दोन बस निघून गेल्या. चिठ्ठी केली तेव्हा काहीच नव्हतं. महिन्याभरानं त्या साप्ताहिकाचा मुद्रितशोधक घरातून नाहीसा झाला. मग ग्रंथालयात माणसं आली आणि हे साप्ताहिक कोण कोण वाचायला मागत होतं, ते विचारू लागली. काकांच्या चिठ्ठीवर साप्ताहिकाचं नाव, तारीख, ते शाळेचं वाक्य, आणि खाली सही. शनिवार होता. त्यांनी खण उघडला, चिठ्ठी काढली आणि बाद वहीत पाचातलं सगळ्यात बिनबोभाट कारण लिहिलं. रद्दी गेली.

"आणि भाचा?"

"त्यानंतर अकरा दिवसांनी."

"मग तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा!"

"तेव्हा नव्हतं. बाराव्या दिवशी होतं. बाराव्या दिवशी ताई आली, म्हणाली ते बंडमोड म्हणाले. मी म्हटलं, बघतो."

मी विचारलं, "ताईंना सांगितलंत?"

मान हलवली. नाही.

"सांगा, काका. तिथं चारचौघांत ऐकण्यापेक्षा घरी ऐकू दे."

"सांगतो."

पुढचे दोन रविवार ताई आल्या, कपाट आवरलं, काकांच्या सदऱ्याची बटणं लावली. "वही सापडली," एवढं काकांनी सांगितलं होतं, त्यामुळे स्वारी खुशीत होती. जिन्यात मला म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते? याच्याकडे सगळ्याच्या चिठ्ठ्या असतात." मी 'हो' म्हटलं. माझ्या पोटात काही राहत नाही हे जगजाहीर आहे. त्या दोन आठवड्यांत राहिलं, आणि ते न सांगितल्याचं मला आजही बरं वाटत नाही. मी सांगितलं असतं तर इमारतीनं मला चहाडखोर म्हटलं असतं, म्हणजे नेहमीचंच. बिघडलं काय असतं?

तारखेला ताई पहिल्या बाकावर बसल्या, माझ्या शेजारी. काकांनी वही उघडून अध्यक्षांपुढे ठेवली. तारीख वाचली, साप्ताहिकाचं नाव वाचलं, ते शाळेचं वाक्य पाठ म्हटलं. ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. मग अध्यक्षांनीच चष्मा सारून विचारलं, "इथं कारण 'अर्थभेद नाही' असं आहे. तुमच्याच अक्षरात. मग तुम्ही सांगताय तो अर्थ तुम्हीच नाकारलात की."

"नाकारला नाही. लपवला," काका म्हणाले. "मी घाबरलो होतो. चिठ्ठीवर माझी सही होती. मी चिठ्ठी रद्दीत घातली आणि वहीत खोटं लिहिलं."

माझ्या हातावरचा ताईंचा हात तसाच होता. फक्त त्यात माणूस नव्हतं.

वकील उठला. आज गोड बोलायची गरज त्याला उरली नव्हती. "म्हणजे तुम्ही खोटं लिहिता हे तुम्हीच सांगताय. तेव्हा खोटं लिहिलंत, तर आजचं खरं कशावरून?"

"तेव्हा खोटं लिहून मी वाचलो," काका म्हणाले. "आज बोलून मला काय मिळणार आहे, तुम्हीच सांगा."

"बहीण मिळणार आहे," वकील म्हणाला.

काकांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. ताईंनी पिशवी उचलली, माझ्या गुडघ्यांना धक्का लागू न देता सावकाश बाहेर सरकल्या आणि अगदी मागच्या, भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. वकिलानं कागद उगाच खालीवर केले आणि बसला.

अहवाल चार महिन्यांनी आला. ताई तो घेऊन माझ्याकडे आल्या, वर गेल्या नाहीत. डोळ्यांना दिसत नाही म्हणाल्या, तू वाच. त्यांच्या मुलाचा परिच्छेद चौदा ओळींचा होता. मी वाचला. त्या साली 'बंडमोड' हा शब्द पथक या अर्थी छापला गेला होता, असे मानण्यास जागा आहे. तथापि शब्द होता एवढ्यावरून पथक होते असे, आणि पथक होते एवढ्यावरून ते सदर घरी गेले असे, म्हणता येत नाही. 'फरार' ही नोंद कायम ठेवण्यात येत आहे.

"परत वाच."

परत वाचलं.

"म्हणजे मी ऐकलं ते ऐकलं, हे त्यांना मान्य आहे."

"तेवढं मान्य आहे, ताई."

"आणि तो पळाला, हेही आहे."

मी उठले. चहा ठेवला. ताईंनी तो घेतला, बशीत ओतून, नेहमीसारखा. मग विचारलं, "तो काय करतो हल्ली?"

काका काय करत होते ते मला ठाऊक होतं. कचेरीनं कोशावरून त्यांचं नाव काढायचं ठरवलं होतं, आणि त्यांच्या चार हजार नोंदी तपासायला दोन मुली बसवल्या होत्या. काका रोज सकाळी स्वतःहून तिथं जाऊन त्या मुलींच्या शेजारी बसायचे आणि एकेक ओळ ऐकून सांगायचे, ही खरी, ही खरी, ही भीती. "किती निघाल्या?" मी विचारलं होतं. "आतापर्यंत सहा," म्हणाले. सहाच्या सहा त्याच वर्षातल्या.

हे मी ताईंना सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"सहा," त्या म्हणाल्या. "म्हणजे आणखी पाच जणांचं काहीतरी."

"ताई, तेव्हा त्यांनी चिठ्ठी दाखवली असती ना, तर त्यांनाही नेलं असतं." मला कुणाची तरी बाजू घ्यायचीच होती.

"नेलं असतं. मग मी दोघांसाठी दारात बसले असते," ताई म्हणाल्या. "पण त्याचा राग तरी करावा लागला नसता मला. रागानं फार दमायला होतं गं या वयात. मुलासाठी रडायचं ते राहून जातं."

वरच्या मजल्यावरचं दार वाजलं. काका बाहेर आले असावेत. त्यांची पावलं एक जिना उतरली आणि वळणावर थांबली. ताईंचा आवाज त्यांना तिथवर ऐकू येतोच. ताईंनी दाराकडे पाहिलं, आवाज कमी केला नाही, वाढवलाही नाही.

"मला फेरविचाराचा अर्ज करायचाय," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून छापील नमुना काढला. "तीस दिवसांत द्यायचा असतो. तुझं अक्षर बरं आहे, लिही."

मी लिहायला बसले. अर्जदाराचं नाव, वय, पत्ता. काय खोडून हवं? 'फरार'. त्याऐवजी काय लिहून हवं? ताईंनी सांगितलं, 'बंडमोडीने नेले'. पुरावा काय? कोशाच्या कचेरीची बाद वही आणि ती लिहिणाऱ्याची साक्ष. त्याच्यापुढे एक अरुंद रकाना होता. साक्षीदाराचे अर्जदाराशी नाते.

माझं पेन थांबलं. "ताई, इथं काय लिहू?"

त्यांनी नमुना हातात घेतला, खिडकीपाशी नेला, डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. वळणावरची पावलं वर गेली नव्हती आणि खालीही आली नव्हती. ताई बऱ्याच वेळानं परत येऊन बसल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"भाऊ लिही," म्हणाल्या. "आता आपणही खोटं कशाला लिहायचं? आणि सही लागेल त्याची. ती तू आण, मी इथंच बसते."

मी लिहिलं, आणि कागद घेऊन जिना चढले.